बहादूरशेख नाक्यावरचे दोन दिवस

कराडहून चिपळूणला उतरताना गाडीला फारसं काम नसतं. पाटण, कोयनानगर, हेळवाक करत रस्ता घाटमाथ्यावर येतो आणि मग कुंभार्ली घाटाचा उतार गाडीला आपसूक खाली नेतो. म्हणून जाताना आम्हाला काही कळलं नाही. कळलं ते परतताना.

गोवळकोटला मामेबहिणीचा निकाह होता. चार दिवस मजेत गेले. पहाटे सांदणांचा वाफाळता वास, दुपारी मासळी, आणि मुलांचा एकच हट्ट, खाडीवर जाऊन मगरी बघायच्या. ओहोटीला वाशिष्ठीच्या चिखलात त्या ओंडक्यासारख्या पडून असतात. शुक्रवारी सकाळी निघालो. सोमवारी कराडला अम्मीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख होती, त्यामुळे रेंगाळायला वाव नव्हता.

खेर्डी गेलं, शिरगाव गेलं. पोफळीच्या पुढे चढ लागला आणि गाडीने मान टाकली. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी दुसऱ्या गिअरमध्ये रडतरखडत चालायची. बॉनेटखालून फुस्सऽऽ असा आवाज आणि आरशात काळाकुट्ट धूर. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून जीव नकोसा केला. अम्मी तस्बीह घेऊन गप्प बसलेली. मी गाडी वळवली आणि उताराच्या भरवशावर परत चिपळूणला आणली.

ही गाडी अब्बांची. २०११ सालची, १.३ लिटरचं टर्बो डिझेल इंजिन. मूळचं इटलीचं हे इंजिन आपल्याकडे इतक्या वेगवेगळ्या गाड्यांत बसलं की कुठल्याही तालुक्याच्या गावी त्याचा जाणकार मिळतो, असं अब्बा म्हणायचे. २०२० मध्ये प्रदूषणाचे नवे नियम आले आणि अशा छोट्या डिझेल गाड्या बहुतेक कंपन्यांनी बंदच केल्या. आता पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतील, आरटीओत नेऊन नोंदणी पुन्हा करावी लागेल. दोह्याहून भाईजानचा दर आठवड्याला एकच सूर: विकून टाक.

पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. पडद्यावर काहीतरी आलं, मालकाने मान हलवली. "मॅडम, टर्बो उडाला. नवीन बसवायला अठ्ठेचाळीस हजार. एवढ्या जुन्या गाडीत कशाला घालता? सत्तर हजार देतो, इथेच सोडून जा." खोटं कशाला सांगू, मी क्षणभर हिशेब केला. भाईजानला फोन लावला, तो म्हणाला, देऊन टाक. अम्मी तेवढी म्हणाली, "आणखी एकाला दाखव."

मामूंनी बहादूरशेख नाक्याजवळच्या एका चाचांकडे पाठवलं. मुंबई-गोवा महामार्गाला कराडचा रस्ता मिळतो तो हा नाका. दिवसरात्र ट्रक, एसटी, वडाप. पत्र्याची शेड, तेलाने काळी झालेली जमीन, आणि भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक मातकट रेघ. २२ जुलै २०२१ च्या पुराची. आम्ही पोचलो तेव्हा चाचा जुम्याच्या नमाजला गेलेले. अडीचला आले, टोपी खिळ्याला अडकवली आणि पहिला प्रश्न विचारला, "धूर कुठल्या रंगाचा?"

काळा, म्हटलं. "निळा असता तर मीपण टर्बोलाच धरलं असतं," ते म्हणाले. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा थांबतच नसेल तर पाणी किंवा न जळलेलं डिझेल. काळा म्हणजे डिझेल पुरेसं, हवा कमी. टर्बोचं काम हवेचंच. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराने एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. ती दाबलेली हवा वाटेत गळली, तर स्कॅनर एवढंच सांगणार की दाब कमी आहे. का कमी आहे, ते हाताने शोधायचं.

त्यांनी एअर फिल्टरकडचा पाईप काढला आणि बोट घालून टर्बोचा दांडा हलवून पाहिला. बाजूला किंचित हलतो, तेवढं चालतं. आत-बाहेर अजिबात नाही. पाती कुठे घासलेली नाहीत. मग पोऱ्याला रेस द्यायला सांगून त्यांनी इंटरकूलरच्या रबरी पाईपखाली हात धरला आणि हसले. माझाही हात तिथे धरायला लावला. गार फुंकर! क्लिपजवळ, खालच्या अंगाला, वरून दिसणार नाही अशा जागी रबर चिरलं होतं. सपाट रस्त्यावर चीर मिटून राहायची, चढावर दाब आला की तोंड उघडायची.

होज चिपळुणात मिळाला नाही, कोल्हापूरहून रात्रीच्या एसटीने मागवावा लागला. म्हणजे मुक्काम वाढला. पण चाचांनी बॉनेट बंद केलं नाही. एअर फिल्टर आपटला तर लाल माती ढिगाने पडली. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून बाटलीत धरला, तर तळाला बोटभर पाणी. मग डिपस्टिक. मी घाईघाईने म्हणाले, ऑइल काळं झालंय ना? "डिझेलचं ऑइल हजार किलोमीटरमध्येच काळं होतं, बाय. रंगावर जाऊ नका. शेवटचं कधी बदललं?"

डॅशबोर्डच्या खणात अब्बांची वही होती. प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख, किलोमीटर, पंपाची पावतीसुद्धा चिकटवलेली. शेवटची नोंद ८९,४१०. त्यानंतर दोन महिन्यांनी अब्बांचं इंतकाल झालं. मीटर दाखवत होतं १,०८,६००. मी पेट्रोल पंपावर हवा भरण्यापलीकडे काही केलं नव्हतं. चाचांनी वही दोनदा चाळली. ओरडतील असं वाटलं. ते एवढंच म्हणाले, "दहा हजाराला बदलायचं असतं. अब्बांच्या दुआवर चालली गाडी." टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावरच तरंगत असतो. ऑइलचा गाळ झाला, बारीक नळी तुंबली, की खरोखरच अठ्ठेचाळीस हजार.

चहा आला तेव्हा मी भिंतीवरच्या रेघेबद्दल विचारलं. त्या पुरात त्यांचं सगळं सामान गेलं. पण त्यांना हळहळ वाटत होती ती गाड्यांची. पाणी ओसरल्यावर लोकांनी उत्साहाने चाव्या फिरवल्या. सिलेंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, आणि डिझेल इंजिन दाबतं तर भयंकर. कनेक्टिंग रॉड वाकले. ज्यांनी चावीला हात न लावता गाडी ओढून आणली, त्यांच्या गाड्या ग्लो प्लग काढून, पाणी बाहेर फेकून, ऑइल दोन-दोनदा बदलून पुन्हा चालू झाल्या. "किती दिवस मी घरोघरी हेच सांगत फिरलो, चावी फिरवू नका." स्वतःच्या घरातला चिखल तेव्हा कोणी काढला, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

शनिवारी दुपारी होज बसला. बिल ७,२५०. होजचे २,३५०, ऑइल आणि ऑइल फिल्टरचे २,६००, बाकीच्या दोन फिल्टरचे १,४०० आणि मजुरी फक्त ९००. मी जास्त देऊ लागले तर पोऱ्याकडे बोट केलं, त्याला द्या. निघताना एक ताकीद: घाट चढून गेल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही. टर्बो तापून लाल झालेला असतो. इंजिन बंद की ऑइल बंद, आणि आत राहिलेलं ऑइल करपतं. मिनिटभर तशीच चालू ठेवायची.

मला हसू आलं. अब्बा नेमकं हेच करायचे. घाट संपला की गाडी बाजूला घेऊन, इंजिन चालू ठेवून, डोळे मिटून बसायचे. माझ्या मुलांना वाटायचं, नाना दुआ पढतायत, म्हणून तीही हात उचलून बसायची.

पोफळीचा चढ गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये घेतला. या डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे हे मुलांना सांगत होते, पण माझं सगळं लक्ष आरशाकडे. धूर नाही. हेळवाकला चहासाठी थांबलो. सवयीने माझा हात चावीकडे गेला, तेवढ्यात अम्मी म्हणाली, "थांब. मिनिट होऊ दे."

आम्ही बसून राहिलो. मी तिला चाचांनी सांगितलेलं कारण सांगितलं, ऑइल, टर्बो, सगळं.

"ते मला ठाऊक आहे," अम्मी म्हणाली. "पण दुआही पढायचे."