सर चुकणार नाहीत

परवा शाहिद अमीन यांचा गोरखपूरवरचा 1984 सालचा लेख पुन्हा वाचला. 8 फेब्रुवारी 1921 रोजी गांधीजी गोरखपूरला आले, सभा घेतली आणि त्याच दिवशी परत गेले. पण त्यांच्या नावाने गोष्टी मात्र पुढे कित्येक महिने फिरत राहिल्या. कुठे म्हणे कोरड्या विहिरीला पाणी आलं, कुठे गांधींना नावं ठेवणाऱ्याच्या घरावर संकट आलं. यातलं गांधीजींनी काहीच सांगितलं नव्हतं. लोकांनी ओळखीच्या साधू-बैराग्यांच्या साच्यातून आपापला महात्मा घडवला होता.

वर्षभराने, फेब्रुवारी 1922 मध्ये, त्याच जिल्ह्यात चौरीचौराला जमावाने पोलीस ठाणं जाळलं. आतले पोलीस मेले. आणि घोषणा कुणाच्या नावाची? अहिंसा शिकवणाऱ्या गांधींच्याच!

वाचताना वाटलं, किती भाबडे लोक हे! आणि लगेच माझा आठवीचा एक वर्ग आठवला.

इतिहासाच्या तासाला मी फळ्यावर दांडीयात्रेचं साल 1931 लिहिलं. एक मुलगी उभी राहिली. "सर, पुस्तकात 1930 आहे." मी म्हटलं, "छपाईची चूक असेल." सगळा वर्ग तिला हसला. ती खाली बसली.

घरी जाऊन पाहिलं तर तिचंच बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "काल माझं चुकलं." पुढच्या बाकावरचा एक मुलगा लगेच म्हणाला, "सर, आमचं लक्ष आहे का ते बघायला तुम्ही मुद्दाम लिहिलं होतं ना?" बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी नुसता हसलो. काही बोललो नाही. ती मुलगी वहीत डोकं घालून बसली होती. नंतर वर्षभर तिने हात वर केल्याचं मला आठवत नाही.

पुढाऱ्याने लोकांना भुरळ घातली, असं आपण सहज म्हणतो. पण ज्याला मोठं मानलं तो चुकला, तर आपली निवडच चुकली असं होतं ना! म्हणून लोक त्याच्या चुकीतही शहाणपण शोधून देतात. समोरच्याने फक्त गप्प राहायचं असतं.

चौरीचौरानंतर गांधीजी गप्प राहिले नाहीत. 5 दिवस उपवास केला आणि आपल्याच माणसांची नाराजी पत्करून ऐन भरातलं आंदोलन थांबवलं.

मला चाळीस मुलांसमोर "नाही रे, खरंच चुकलं" एवढं म्हणता आलं नाही.