फुलांच्या दरीतील बहुरूपी

गोविंदघाटाजवळ अलकनंदा ओलांडली की हेमकुंडाच्या यात्रेकरूंची आणि फुलांच्या ओढीने निघालेल्यांची वाट काही काळ एकच होते. पुलना गावापासून सुमारे दहा किलोमीटरचा चढ चढून आम्ही घांघरियाला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी यात्रेकरूंची साथ सुटली आणि पुष्पावतीच्या काठाने आम्ही फुलांच्या दरीत प्रवेश केला.

१९३१ साली कामेत शिखर सर करून परतताना फ्रँक स्माइथ हे गिर्यारोहक या दरीत उतरले, आणि १९३८ साली त्यांच्या पुस्तकाने तिचे नाव जगभर नेले. १९८२ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. २००५ साली जागतिक वारशाच्या यादीत दरीचा समावेश झाला. ऑगस्टमध्ये तेरड्याच्या कुळातील गुलाबी फुलांचे ताटवे माणसाच्या उंचीला पोहोचलेले असतात. मी मात्र आलो होतो फुलांवरील पाहुण्यांसाठी.

छत्रीसारख्या एका पांढऱ्या फुलोऱ्यावर मी वाकलो, तोच आमच्या गढवाली वाटाड्याने सावध केले, "साहेब, मधमाशी आहे!" ती मधमाशी नव्हती. मधमाशीला चार पंख असतात; हिला दोनच होते. मागच्या पंखांच्या जागी, हवेत तोल सांभाळणारे दोन बारीक दांडे तेवढे उरले होते. शृंगिका आखूड, डोळे मोठे आणि नांगी मुळीच नाही. शत्रूने दूर राहावे म्हणून मधमाशीचे सोंग घेणारी ही सिरफिड माशी. पिकावरील मावा खाणाऱ्या हिच्या अळ्या आपल्याकडील शेतकऱ्यांना मित्र म्हणून परिचित आहेत. मात्र या कुळातील सर्वच अळ्या मावा खात नाहीत.

जगात या माश्यांच्या सुमारे सहा हजार जाती आहेत. भारतातील जातींचे सविस्तर वर्णन ब्रुनेटी यांनी १९२३ साली ग्रंथरूपाने केले, ते टाचणीला टोचलेल्या नमुन्यांवरून. तसा नमुना भिंगाखाली हवा तसा फिरवता येतो. राष्ट्रीय उद्यानात फूल तोडणे वा कीटक पकडणे निषिद्ध असल्याने माझ्या हाती केवळ कॅमेरा होता. म्हणून एकाच माशीची वरून, बाजूने आणि समोरून अशी निरनिराळी छायाचित्रे घ्यावी लागतात. पंखांच्या शिरा, पायांचा रंग, चेहऱ्याची ठेवण, यांपैकी काय निर्णायक ठरेल ते आधी सांगता येत नाही.

त्या दिवशी तीन माश्या लाभल्या. पहिलीच्या नारिंगी पोटावर जाड काळ्या पट्ट्यांच्या जोडीला बारीक काळे पट्टे होते. ती एपिसिर्फस बाल्टिएटस, हे चित्र पाहताच ठरले. दुसरी म्हणजे वाटाड्याची 'मधमाशी'. तिच्या पंखातील एक लांब शीर मध्येच खोल बाक घेत होती, आणि डोळ्यांवर गडद केसांचे उभे पट्टे होते. ती एरिस्टॅलिस टेनॅक्स. हिची अळी घाण पाण्यात वाढते आणि शेपटासारख्या लांब नळीने श्वास घेते.

तिसरी सडपातळ, काळी-पिवळी आणि सर्वांत देखणी. एका परदेशी पुस्तकातील चित्राशी ती हुबेहूब जुळली. मी वहीत पेन्सिलीने त्या जातीचे नाव लिहूनही टाकले. घरी परतल्यावर छायाचित्रे एका अभ्यासकांकडे पाठवली. त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते : "डोळ्यांमध्ये अंतर आहे, म्हणजे मादी. प्रजाती स्फेरोफोरिया, याहून पुढे जाऊ नये." या प्रजातीतील जाती नराच्या जननेंद्रियांच्या सूक्ष्म रचनेवरून ओळखाव्या लागतात, अनेक जातींच्या माद्या दिसण्यात इतक्या सारख्या असतात, की छायाचित्रावरून निवाडा होत नाही.

मन खट्टू झाले. इतका चढ चढून गेलो आणि नाव अर्धेच! पण विचार केला, मी लिहिलेले नाव चुकीचे असेल, तर जी माशी त्या दरीत कधी नव्हतीच तिची तेथे नोंद होईल. उद्या हवामान बदलले आणि कोणती जात टिकली, कोणती गेली, हे कोणी शोधू लागला, तर माझी चूक त्याची वाट चुकवील.

मी रबर घेतले आणि पेन्सिलीचे नाव खोडले. आता तेथे एवढेच आहे : स्फेरोफोरिया, मादी, फुलांची दरी, ऑगस्ट. पुढची जागा मोकळी ठेवली आहे.