आमच्या घरचं निदान

बँकेत माणूस शिकतो तो इन्क्रिमेंटसाठी. जेएआयआयबी झाली की एवढी, सीएआयआयबी झाली की तेवढी, हा हिशेब कारकुनाला तोंडपाठ असतो. परीक्षेत काय होतं हे मात्र निकालानंतर त्याला कुणी विचारू नये! त्यामुळे वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या आमच्या सौ.नं "मी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करणार" असं जाहीर केलं, तेव्हा मी साहजिकच विचारलं, "इन्क्रिमेंट किती?"

"दोन वर्षं ही. मग एम.एस्सी.ची दोन," ती म्हणाली. म्हणजे मी रुपये विचारले आणि तिनं वर्षं सांगितली.

तिचा जीएनएमचा डिप्लोमा लग्नाआधीचा. त्या डिप्लोम्यावर नर्स रात्रपाळ्या करते, डॉक्टर येईपर्यंत वॉर्ड सांभाळते, नव्या मुलींना हाताला धरून तयार करते. पण त्याच मुलींना कॉलेजात फळ्यापुढं उभं राहून शिकवायचं, तर एम.एस्सी. लागते. हिला शिकवायचं होतं. अध्ययन रजा मंजूर झाली आणि आमच्या घरात दहावीची कन्या आणि तिची आई यांच्यात टेबलासाठी भांडणं सुरू झाली. मी तडजोड म्हणून ओट्यापाशी गेलो, तो अजून तिथंच आहे.

आता मला नर्सिंगमधलं पुष्कळ कळतं. निदान फक्त डॉक्टरच करतो अशी आपली समजूत असते. तसं नाही. डॉक्टरनं 'न्यूमोनिया' म्हटलं की नर्सनं वेगळं निदान लिहायचं असतं: श्वास नीट घेता येत नाही, झोप नाही, आजाराची माहिती नाही. मग नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. याला केअर प्लॅन म्हणतात. परवा तिची कच्ची वही चाळताना एक केअर प्लॅन दिसला. 'रुग्ण: पुरुष, वय 47, व्यवसाय बँक. निदान: स्वयंपाकघरातील डब्यांविषयी ज्ञानाचा अभाव. नियोजन: कुकर लावण्यास प्रोत्साहन द्यावे. मूल्यमापन: प्रगती आहे, देखरेख चालू ठेवावी.' आमच्या मॅनेजरनं गोपनीय अहवालात माझ्याविषयी एवढं चांगलं कधी लिहिलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी संशोधन आणि संख्याशास्त्र आलं. बी.कॉम. माणसाला घरात मान मिळण्याचा हा एकमेव प्रसंग. मी मीन, मीडियन घेऊन सरसावलो. तर हिनं मलाच विचारलं, "फ्लॉरेन्स नाइटिंगेल माहीत आहे का?" माहीत आहे म्हणजे काय, दिवा घेऊन फिरणारी बाई! "दिवा विसरा," ती म्हणाली. 1853 ते 56च्या क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मेले, हे त्या बाईनं 1858 साली रंगीत आकृत्या काढून सरकारपुढं मांडलं. पुढे लंडनच्या संख्याशास्त्र सोसायटीची ती पहिली स्त्री-सभासद झाली. आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकात तिचा पत्ता नव्हता. तिथं एक व्यापारी शेंगदाणे विकत होता.

पण खरी गंमत वर्गात आहे. हिला शिकवणाऱ्या मॅडम म्हणजे बारा वर्षांपूर्वी हिच्याच वॉर्डात सुई धरून थरथरणारी विद्यार्थिनी. तेव्हा हिनं स्वतःचा हात पुढे केला होता, "घे, माझ्यावर शीक." ती मुलगी भराभरा शिकत एम.एस्सी. झाली. हिचं मात्र मुलं, सासूबाईंचं आजारपण, माझी बदली यांत राहून गेलं. पहिल्या दिवशी हजेरी घेताना मॅडमच्या तोंडून "सिस्टर" निघून गेलं. ही उभी राहिली आणि म्हणाली, "येस मॅडम."

"तुला काही वाटलं नाही?" मी विचारलं.

ती वहीला कव्हर घालत होती. कोपरा नीट दुमडल्यावर म्हणाली, "वाटलं ना. आज तिनं सांगितलं, म्हाताऱ्या पेशंटची शीर बघण्याआधी त्याला नातवंडांची नावं विचारा, म्हणजे तो हात सैल सोडतो. शब्दन्‌शब्द माझं आहे ते."

"मग?"

"मग काय, उतरवून घेतलं. परीक्षेत आलं तर?"