आईची गोधडी

काशीत दूधविनायकाला, मराठी वस्तीत आमचे बिऱ्हाड होते. गल्ली इतकी अरुंद की दुपारी घटकाभरच ऊन अंगणात उतरे. त्या अंधुक घरात दादाचा जीव रमत नसे. पंचगंगेच्या पायऱ्यांवर, नाहीतर गंगेपलीकडच्या वाळूत तो दिवस काढी. दरसाल थंडीत पंचक्रोशीला पायी जाई. कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे मुक्काम करीत सुमारे ८० किलोमीटरांची ती प्रदक्षिणा पुरी होते.

त्या मुक्कामांसाठी आईने गोधडी शिवायला घेतली. वर-खाली तिची नऊवारी लुगडी, आत वडिलांची जुनी धोतरे. काठाकडून मध्याकडे धावदोऱ्याच्या ओळी सरकत. तिची दृष्टी मंदावली होती. सुई मी ओवून देई, तरी टाके वाकडे पडत.

दादाने गोधडी नेली नाही. ‘‘मळेल,’’ म्हणत ट्रंकेत ठेवली. जपून ठेवणे हाच त्याच्या लेखी मान होता. आई एवढेच म्हणाली, ‘‘अरे, पेटीसाठी नव्हती रे शिवली.’’ जन्मभर गल्लीबाहेर फारशी न गेलेल्या तिला त्या गोधडीबरोबर थोडे बाहेर पडायचे होते, हे आम्हां दोघांनाही तेव्हा उमगले नाही.

आई गेल्यानंतरच्या पंचक्रोशीला दादाने ट्रंक उघडली. परतला तेव्हा गोधडी धुळीने भरली होती, कुसळे रुतली होती, एक कोपरा उसवला होता. तो ओशाळला. मी गोधडी मांडीवर घेतली आणि कोपरा शिवू लागले. माझेही टाके वाकडेच पडले. पुढल्या थंडीत त्याने ती न सांगता खांद्यावर टाकली.