नेम



आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे ‘निशानेबाजी’ हाच शब्द आमच्या तोंडी बसलेला. मराठीत तिला नेमबाजी म्हणतात. लक्ष्य साधण्यासाठी धरतो तो नेम, आणि रोज न चुकता पाळतो तोही नेमच! या दोन्ही अर्थांना जागलेली खेळाडू म्हणजे कोल्हापूरची तेजस्विनी सावंत.

२००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत तिने एअर रायफलमध्ये दोन सुवर्णपदके मिळवली. ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिकला, ५० मीटर रायफल प्रोन म्हणजे पालथे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, ६०० पैकी ५९७ गुण मिळवून ती विश्वविजेती झाली. ही त्या वेळच्या विश्वविक्रमाशी बरोबरी होती. या खेळात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. मुलांनो, आपल्या दाल बाजारातल्या पोत्यातून काबुली चण्याचा एक टपोरा दाणा घ्या, पन्नास मीटरवर ठेवा आणि बघा दिसतो का! तेजस्विनीने साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गमावले.

बेलारूसच्या दार्या दोमराचेवाने २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये बायथलॉनची तीन सुवर्णपदके जिंकली. त्या खेळात बर्फावरून स्कीने धावत यायचे आणि छाती धपापत असतानाच पन्नास मीटरवर नेम धरायचा. खेळ निराळा, पण श्वास आवरण्याची विद्या तीच. प्रश्नपत्रिका हाती येताच ज्यांचे काळीज धडधडते, त्यांनाही हीच विद्या हवी असते.

मात्र विश्वविजेतीलाही सारे सहज मिळाले नाही. बीजिंग, लंडन, रिओ अशी तीन ऑलिंपिक तिच्याविना झाली. तिने नेम सोडला नाही. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले, २०१९ मध्ये दोह्याच्या आशियाई स्पर्धेत ऑलिंपिकची जागा मिळवली आणि २०२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ती टोकियोत प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरली. तेथे तिचा क्रमांक तेहतिसावा आला. कोणी याला अपयश म्हणेल. आम्ही म्हणणार नाही.

हे आज लिहिण्याचे कारण आहे. दहावीचा खेळाचा तास गणिताला द्यावा, असे काही पालकांचे म्हणणे आहे. त्यांची काळजी आम्हाला समजते. बोर्डाचे गुण आम्हालाही हवेत. पण हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर कसे यायचे, हे गणिताच्या जादा तासात शिकवता येत नाही. राणी लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षणाची संस्था ज्या ग्वाल्हेरात १९५७ पासून उभी आहे, तेथे आपल्या मुलींनी पंधराव्या वर्षी मैदान सोडावे, हे आम्हाला पटत नाही.

२०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. या प्रकारातले ते भारताचे पहिले ऑलिंपिक पदक. आपल्या शाळेतून असे पदक येईलच, असे वचन आम्ही देत नाही. विश्वस्त मंडळींना एवढीच विनंती, की आठवड्यातला तो एक तास राहू द्यावा. पालकांनी त्या दिवशी मुलांना बूट घालून पाठवावे.

आणि मुलांनो, तुम्ही नेम चुकवू नका. दोन्ही अर्थांनी!