भाड्याच्या घराची वही

माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली त्यांची छोटी सदनिका गेली वीस वर्षे भाड्याने दिलेली असते आणि तिचा सारा हिशेब निळ्या पुठ्ठ्याच्या एका वहीत असतो. डावीकडे आलेले भाडे. उजवीकडे सोसायटीची देखभाल वर्गणी, महापालिकेचा मालमत्ता कर, नळदुरुस्ती, रंगकाम. या वहीत खाडाखोड मी कधी पाहिली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या सचिवांचा मला फोन आला. दोन तिमाहींची वर्गणी थकली होती. वही उघडली, तर वर्गणीपुढे ‘भरले’ असे लिहिलेले होते, पण तारीख नव्हती. मालमत्ता कर मात्र दोनदा भरला गेला होता. “बाबा, एवढी साधी गोष्ट कशी राहून गेली?” असे मी विचारले. त्या आवाजात डॉक्टर नव्हता, वैतागलेला मुलगा होता. त्यांनी वही मिटली आणि काही न बोलता ते आत निघून गेले.

त्या रात्री मला माझीच लाज वाटली. वृद्ध रुग्णाच्या नातेवाइकांना मी नेहमी विचारतो, “पूर्वी सहज जमणारे पैशांचे व्यवहार आता अडखळतात का?” बिल भरणे वरवर साधे दिसते, पण त्यासाठी लक्ष, स्मरण, आकडेमोड आणि कामांचा क्रम हे सारे एकाच वेळी लागते. म्हणूनच बुद्धीच्या ऱ्हासाची पहिली खूण पुष्कळदा हिशेबात दिसते. जो प्रश्न मी परक्यांना विचारतो, तो घरी मला सुचला नव्हता.

अर्थात, प्रत्येक चूक म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांवर उपाय असतो. बाबांचे बी-१२ कमी निघाले. इंजेक्शनांनी थकवा गेला, स्मरण काहीसे सुधारले. पूर्ववत मात्र झाले नाही.

वही माझ्याकडे घ्यावी, असा मोह झाला होता. पण ती काढून घेणे म्हणजे त्यांच्या दिवसातला कणा काढून घेणे ठरले असते. म्हणून काम त्यांच्याकडेच ठेवून आम्ही ते सोपे केले. भाडे एका स्वतंत्र खात्यात जमा होते आणि घराचा खर्च त्यातूनच होतो. भाडेकरूची अनामत परत द्यायची असते, म्हणून ती मुदत ठेवीत वेगळी आहे. वर्गणीसाठी बँकेला स्थायी सूचना दिली आहे. वीजबिल भाडेकरू भरतो, पण मीटर बाबांच्या नावावर असल्याने थकबाकी आहे का, ते आम्ही दरमहा पाहतो. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ असा अनोळखी क्रमांकावरून आलेला संदेश खोटा समजावा, हे वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची असते. म्हणून कराराची मुदत संपण्याची तारीखही तिथेच आहे.

पावत्यांचा ढीगही कमी झाला. भाड्याच्या उत्पन्नातून मालकाने त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला पालिका कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते; दुरुस्तीवर किती खर्च झाला, हे त्यासाठी दाखवावे लागत नाही. तेव्हा प्राप्तिकरासाठी पालिकेची पावती तेवढी जपून ठेवावी लागते.

आपल्या घरी एखादे बिल दोनदा भरले गेले, हिशेबाची वही टाळली जाऊ लागली किंवा नेटक्या माणसाचे कागद विस्कटू लागले, तर आधी रागावू नका. शेजारी बसा आणि मग डॉक्टरांना भेटा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघे वही घेऊन बसतो. मी आकडे वाचतो, बाबा लिहितात. गेल्या खेपेस त्यांचा हात दुखत होता, म्हणून नळदुरुस्तीचा खर्च मी टिपला. त्यांनी चष्मा सावरून ती ओळ पाहिली आणि म्हणाले, “तारीख राहिली.”