कागदी लिंबाची आंजिनेत्ती

आंजिनेत्ती ही मूळची दक्षिण इटलीची, लिंबाच्या स्वादाची मऊ बिस्किटे. ईस्टरला, लग्नकार्याला ती केली जातात; अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियन घरांनी ती विशेष जपली. नानकटाईत अंडे नसते आणि तूप सढळ असते, म्हणून ती खुसखुशीत होते. आंजिनेत्तीत अंडी असल्यामुळे पोत केकच्या जवळ जातो. प्रस्तुत लेखिकेने अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत ती प्रथम वाटली, तेव्हा शेजारच्या काकूंचा पहिला प्रश्न होता, ‘‘नरम पडलीत का गं?’’ नरमपणा हाच तिचा गुण आहे, हे मुंबईत दरवेळी सांगावे लागते.

प्रमाण असे : मैदा २५० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, लोणी ८० ग्रॅम, अंडी २, बेकिंग पावडर २ चहाचे चमचे, चिमूटभर मीठ आणि लिंबाची किसलेली साल.

सारा प्रश्न या सालीचा आहे. सोरेंतो-अमाल्फीच्या किनाऱ्यावरचे लिंबू मोठे आणि जाड सालीचे. एका फळाची साल एका घाण्याला पुरते. आपले कागदी लिंबू लहान, पातळ सालीचे, रसाला भरपूर आणि अधिक आंबट. त्याची चार-पाच फळे लागतात. सुगंधी तेल सालीच्या वरच्या रंगीत थरात असते, खालचा पांढरा थर कडू. त्यामुळे किसणीच्या बारीक बाजूवर लिंबू फक्त टेकवायचे आणि फिरवत राहायचे; दाब पडला की कडवटपणा आलाच. किसलेली साल परातीत साखरेवर टाकून बोटांच्या टोकांनी चोळावी. साखर ओलसर, फिकट पिवळी होते आणि वास दारापर्यंत जातो. यानंतरच लोणी घालून फेसावे, कारण हे तेल स्निग्धांशात चांगले उतरते. मग अंडी आणि उरलेले कोरडे जिन्नस घालून पीठ करावे. रस मात्र पिठात घालू नये : आंबटपणामुळे बेकिंग पावडर भाजण्याआधीच खर्ची पडते.

लिंबू वसंतातच महाग होते, ही इथली अडचण. उन्हाळ्यात येणारा हस्त बहार सर्वांत कमी पिकतो, मागणी मात्र तेव्हाच शिगेला असते. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना गेले होते. साल वापरून उरलेल्या लिंबांचे सरबत करावे, म्हणजे खर्च टोचत नाही.

मार्च-एप्रिलच्या उकाड्यात लोणी सुटून पीठ हाताला चिकटते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय वळ्या होत नाहीत. बोटाएवढी वळी करून सैल गाठ मारावी. जमत नसेल तर गोळे वळावेत, चवीत फरक नाही. १८० अंशांवर दहा-बारा मिनिटे पुरतात. बूड बदामी झाले की काढायची. वरून ती पांढुरकीच राहतात.

पूर्वी घरोघरी ओव्हन नव्हते, तेव्हा मुंबईत दिवाळीआधी नानकटाईचे पीठ बेकरीच्या भट्टीवर नेले जाई. उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५ च्या आदेशानंतर लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना गॅस किंवा विजेकडे वळावे लागत आहे. आंजिनेत्तीला घरचा छोटा ओव्हनच सोयीचा, कारण दोन मिनिटे जास्त झाली तरी ती कोरडी पडते.

शेवटी लेप. १२० ग्रॅम पिठीसाखरेत दोन चहाचे चमचे रस आणि एक-दोन चमचे दूध. पूर्ण रसाचा लेप कागदी लिंबाने फार आंबट होतो. बिस्किटे पूर्ण गार झाल्यावर त्यांचे डोके लेपात बुडवावे. खाडीकडच्या दमट हवेत लेप सहज वाळत नाही, साखर ओल ओढते. पंख्याखाली जाळीवर दोन-तीन तास ठेवावी लागतात. न वाळता डब्यात भरली तर एकमेकांना चिकटतात. हवाबंद डब्यात तीन दिवस चांगली राहतात. मुंबईत ती पाडव्याच्या आसपास करावीत; मे महिन्यात करू नयेत.